राजाच्या गाडीचं दार

राष्ट्राध्यक्षांच्या निवासस्थानी पाहुण्यांच्या गाडीचं दार उघडायचं, एवढंच त्याचं काम. पण त्यातच त्याचे केस पिकले. उंची अशी की सगळे त्याला खांब म्हणत. मंत्री आले, सेनापती आले, खांबाला कधी घाम फुटला नाही. शेजारच्या देशाचा राजा येणार म्हटल्यावर मात्र त्याला अन्न गोड लागेना.

शिष्टाचार अधिकारी बाईंनी सगळ्यांना बजावलं होतं, "आपलं प्रजासत्ताक आहे. अध्यक्ष हात मिळवतील, मान झुकवणार नाहीत. तुम्हीही कुणी वाकायचं नाही. फोटोत ज्याची पाठ वाकलेली दिसेल, तो दुसऱ्या दिवशी गोदामात." आता गाडी बुटकी आणि दार उघडणारा ताडमाड, हे बाईंना कोण सांगणार?

घरी आणखी पंचाईत. या देशातही पूर्वी राजा होता, तेव्हा आई राजवाड्यात झाडलोट करायची. राजघराण्यातलं कुणी समोरून गेलं की नजरेआड होईपर्यंत कमरेत वाकून उभं राहायचं. राजेशाही गेली, आईची कंबर काही सरळ झाली नाही. "माझी पाठ गेली ती गेली," ती म्हणाली. "तू वाकलास तर मला तोंड दाखवू नकोस."

त्यानं ड्रायव्हरला राजा करून गॅरेजमध्ये सराव केला. गुडघे मोडून पाहिले तर ड्रायव्हर म्हणाला, "अहो खांबराव, हा तर मुजरा झाला!" शेवटी एक खांदा पाडून दार ओढायचं आणि ताठ राहायचं, हे जमलं.

गाडी आली. दार ठरल्याप्रमाणे उघडलं. राजा चांगलाच म्हातारा होता. त्यानं एक पाय बाहेर टाकला, उठायला गेला आणि मागे बसला. पुन्हा उठला, तर तोलच गेला. त्याचा हात हवेत आधार शोधू लागला. वर पायऱ्यांवर अध्यक्ष, समोर कॅमेरे, बाजूला बाईंचे वटारलेले डोळे. वाकावं तर आई, न वाकावं तर म्हातारा तोंडावर आपटणार.

खांब वाकला. रोज सकाळी आईला अंथरुणातून उठवायचा, तसाच एक हात काखेत घातला, दुसरा हातात दिला. "सावकाश, बाबा," तोंडून निघून गेलं.

दुसऱ्या दिवशी पहिल्या पानावर त्याची वाकलेली पाठ होती. आईनं वर्तमानपत्र मागितलं, त्यानं ते तिच्या हातात दिलं. तिनं फोटो डोळ्यांशी नेला.

"वाकलास."

"हो."

"गोदामात टाकतील?"

"बहुतेक."

तिनं फोटोवर बोट ठेवलं. "हा हात तुझा?"

"हो, आई."

"आमचा राजा एकदा जिन्यात पडला होता. आम्ही सगळ्या वाकून उभ्या. त्याच्या अंगाला हात लावायची कुणाला मुभाच नव्हती. तो विव्हळत होता आणि आम्ही फरशीकडे बघत होतो." तिनं फोटोतल्या राजाकडे पुन्हा निरखून पाहिलं. "यानं बघ किती घट्ट धरलाय तुझा हात."

तिनं वर्तमानपत्राची नीट घडी करून उशाशी ठेवली आणि आपला हात पुढे केला.

"चल, आता मला उठव."