नऊ तास अकरा मिनिटांचा फोन

"मी काही मागितलं नव्हतं, त्यांनीच दिलं, आता परत हवं असेल तर माझ्या दारात येऊन, मान खाली घालून मागा म्हणावं."

हे ती नेमकं कुणाला म्हणाली ते आता सांगता येणार नाही, कारण त्या आठवड्यात तिच्या खोलीत जो जो पाऊल टाकील त्याला हेच ऐकावं लागत होतं. घरमालक भाडं मागायला आला तो हे ऐकून, भाडं न मागताच परत गेला.

गल्लीत तिला उसवबाई म्हणत. तोंडावर अर्थात मावशी. नवे कपडे ती शिवत नसे. लोकांनी दुकानातून आणलेले तयार कपडे त्यांच्या अंगाला बसवून देणं हा तिचा धंदा. पँट आखूड करायची, कंबर सैल करायची, गेलेल्या बापाचा कोट मुलाच्या खांद्यांवर आणायचा. कपडा हातात पडला की ती आधी दोन बोटं शिवण उसवायची आणि मग विचारायची, "हं, काय करायचंय?" शिवण आतून बघितल्याशिवाय तिला माणसाशी बोलायला सुचत नसे. भिंतीवरच्या आरशात गिऱ्हाईक खांद्यापासून खालीच दिसे. कुणी तक्रार केली तर म्हणे, "डोक्याचं काम मी घेत नाही. ते बसवून मिळत नाही."

मशीनच्या उजव्या हाताला फोन होता, काळा, वायरीचा. सकाळी नऊला ती एक नंबर फिरवायची आणि रिसीव्हर स्टीलच्या पातेल्यात ठेवून द्यायची. पातेल्यात आवाज घुमतो. मग दिवसभर त्या पातेल्यातून दुसऱ्या एका मशीनचा आवाज येत राही. खडखड खडखड, थोडं थांबून परत खडखड. ती तिची ताई. सहा वर्षांनी मोठी, तीन तासांवरच्या गावात एकटी राहणारी, पडदे आणि उशांचे अभ्रे शिवणारी.

बोलणं फारसं नसायचंच. तासभर दोघी गप्प, नुसत्या मशीनी चालू. मधेच पातेलं म्हणे, "धाकटे, तुझी सुई बोथट झालीये. बदल."

"तुला कसं कळलं?"

"कापड ओरडतंय. बहिरी नाहीये मी."

समोर एक पाय स्टुलावर ठेवून उभं असलेलं गिऱ्हाईक दचके. पातेल्यातून कुणी आपल्याकडे बघतंय असं त्याला वाटे.

एकत्र का राहत नाही, असं त्यांना सगळे विचारत. एका खोलीत दोघी तीन दिवसांच्या वर टिकत नसत. चौथ्या दिवशी कात्री कुणी कुठे ठेवली यावरून सुरू होई आणि आईचा जास्त लाड कुणाचा होता इथपर्यंत जाई. फोनवर मात्र बारा वर्षं त्यांचं छान चाललं होतं. फोनवर कात्री हरवत नाही.

बारा वर्षांपूर्वी टेलिफोन कंपनीचा एक घामाघूम झालेला विक्रेता दारात उभा राहिला होता. जोडी योजना. एक नंबर निवडा, त्या नंबराशी आजन्म मोफत बोला.

"आजन्म म्हणजे कुणाचा जन्म?" तिने विचारलं होतं. "माझा की कंपनीचा?"

"तुमचाच हो, मावशी. कंपनीला कुठला आलाय जन्म!"

तिने सही केली आणि त्याच्या पँटची पायाशी उसवलेली मोहरी तिथल्या तिथे शिवून दिली. फुकट.

ताईचा नवरा गेला तेव्हा ताईने मशीनवर चादर घातली ती महिनाभर काढली नाही. मुलगा लांबच्या शहरात मोठ्या नोकरीवर. तो म्हणे, मशीन विकून टाक, इकडे ये, आराम कर. आराम हा शब्द ऐकला की ताई फोन ठेवून देई. धाकटीने एका सकाळी फोन लावला, रिसीव्हर पातेल्यात ठेवला आणि काम सुरू केलं. दर दहा मिनिटांनी ती म्हणे, "ताई, मशीन ऐकू येत नाहीये." पाच दिवस हे चाललं. सहाव्या दिवशी पलीकडून आधी शिवी आली आणि मग खडखड. तेव्हापासून ताई शिवत होती, कारण कुणीतरी ऐकत होतं.

तर या बारा वर्षांनंतर कंपनीचं पत्र आलं. प्रिय ग्राहक, आपल्याला कळवण्यास आनंद होतो की एक तारखेपासून जोडी योजना बंद करण्यात येत असून यापुढे दररोज फक्त वीस मिनिटे मोफत राहतील. आपल्या निष्ठेची भेट म्हणून आपल्याला तीन महिने क्रीडा वाहिनी मोफत.

तिच्याकडे टीव्ही नव्हता.

एक तारखेला वीस मिनिटं झाली आणि पातेल्यातून एक गोड बाई बोलली, आपली मोफत मर्यादा संपली आहे. मग खरखर. मग काहीच नाही. तिने पायडलवरून पाय काढला. इतकी शांतता त्या खोलीत कधी झालीच नव्हती. शेजारची मोलकरीण काय झालं म्हणून बघायला आली.

संध्याकाळी ताईचा वीस मिनिटांचा फोन आला. तीन मिनिटं कंपनीला शिव्या देण्यात गेली. मग ताई म्हणाली, "हे बघ धाकटे, तू ऐकणार नसशील तर मी कुणासाठी पायडल मारू? महिनाअखेर मुलगा टेम्पो पाठवतो म्हणालाय, मशीन न्यायला. हो म्हणून टाकते."

"टेम्पो परत पाठव."

"आणि करू काय? भिंतीला ऐकवू?"

"महिनाअखेरीला वेळ आहे," उसवबाई म्हणाली. "मी बघते."

दुसऱ्या दिवशी तिने तक्रार केंद्राला फोन लावला. आपला कॉल आमच्यासाठी अत्यंत महत्त्वाचा आहे, असं कुणीतरी म्हणालं आणि बासरी वाजायला लागली. तिने रिसीव्हर पातेल्यात ठेवला आणि एक पँट संपवली. बासरी चालूच. दुसरी संपवली. तेव्हा तिच्या लक्षात आलं की हा फोन फुकट आहे आणि याला वीस मिनिटांची मर्यादा नाही.

दोन आठवडे ती बासरीवर शिवत होती. बासरी संथ, त्यामुळे टाके लांब पडत. मधेमधे माणूस येई.

"नमस्कार, मी आपली काय मदत करू?"

"जेवलास का?"

"अं… मॅडम, आपली तक्रार?"

"तक्रार कालच्या मुलीला सांगितली. तिची सर्दी कशी आहे?"

तिसऱ्या आठवड्यात सर्दीवाली मुलगीच फोनवर आली. आवाज दबका. "मावशी, तुमचा रेकॉर्ड बघितला मी. खरं सांगू? तुमचे कॉल बघून वर तपासणी लागली होती. रोज एक कॉल, नऊ तास अकरा मिनिटं. आणि त्यात बोलणं नाही, नुसता मशीनचा आवाज. आमच्याकडे लिहिलंय, 'कारखाना असण्याची शक्यता.'"

"आहेच कारखाना. दोन म्हाताऱ्यांचा."

"मी काही करू शकत नाही हो. तुम्ही मुख्य रस्त्यावरच्या आमच्या दुकानात जा. तिथल्या साहेबांना भेटा."

तिथले साहेब तिला कमरेखालून चांगले ओळखीचे होते. कंपनीने सगळ्या नोकरांना नवे गणवेश पाठवले होते, सगळे एकाच मापाचे. एका राक्षसाचं माप घेऊन केलेले असावेत. आठ जणांच्या आठ पँटी तिच्याकडेच आल्या होत्या. तिची एक पद्धत होती. उंची ती लगेच पक्की करत नसे. आधी मोहरी दुमडून कच्चा दोरा घालून द्यायची. माणसाने दोन-तीन दिवस घालायची, चालायचं, बसायचं, मग परत आणायची. तेव्हा ती पक्का टाका घाली. "उभा असताना माणूस खोटं बोलतो," ती म्हणे. "बसला की खरी उंची कळते." त्या आठवड्यात दुकानातले आठही जण कच्च्या दोऱ्यावर चालत होते.

साहेब खुर्चीत बसलेले होते. गळ्यात टाय, टेबलावर काचेची पाटी.

"मावशी, आजन्म म्हणजे योजनेचा जन्म. योजना संपली, जन्म संपला. खाली बारीक अक्षरात आहे बघा."

तिने पिशवीतून भिंग काढलं, सुईत दोरा ओवताना लागतं ते, आणि सगळा कागद वाचला. पाऊण तास. साहेबांनी दोनदा घड्याळ बघितलं, एकदा चहा मागवला, एकदा तो प्यायला.

"खरंच आहे की," ती म्हणाली. "किती सुंदर बारीक शिवलंय. बाहेरून दिसतच नाही."

"म्हणजे पटलं ना?"

"पटलं."

ती उठली. दाराजवळ एक उंच टेबल होतं, त्यावर एक नवा पांढरा फोन आणि पाटी : नवे यंत्र. इथेच चालवून बघा. मोफत. तिने पाटी भिंगाने वाचली. मागे-पुढे, उलटी करून वाचली. तिच्यावर बारीक अक्षर एकही नव्हतं. मग तिने ताईचा नंबर लावला.

"ताई, चादर काढ."

"कुठून बोलतेयस? आवाज मोठ्या माणसांसारखा येतोय."

"कंपनीतून. मशीन ऐकू येत नाहीये."

सोमवारी ती नऊला हजर झाली, पातेल्यासकट. स्टूल काउंटरवरच्या मुलीने दिलं, कारण तिच्या पँटचा कच्चा दोरा एका बाजूने निसटत होता आणि त्याची तिला धास्ती होती. आठ पँटींची हातशिलाई सुरू झाली. एकेक नोकर मागच्या खोलीत जाऊन पँट काढून देई आणि कमरेला पडदा गुंडाळून बसून राही. पातेल्यातून ताईची मशीन खडखडत होती. गिऱ्हाइकांना वाटे जाहिरातच आहे. एक गृहस्थ तर पातेलं वेगळं विकत मिळेल का विचारून गेले.

"मावशी, हे यंत्र थोडा वेळ बघायला आहे," साहेब कळवळून म्हणाले. "दोन मिनिटं. पाच मिनिटं."

"मी अजून बघतेच आहे. आवाज चांगला आहे. पुढच्या आठवड्यातही असाच राहतो का, ते बघायला नको?"

पातेलं म्हणालं, "कोण गं तो? घसा बसलाय त्याचा. गरम पाणी पी म्हणावं."

साहेबांना तिला हाकलून देता येत नव्हतं. शुक्रवारी कंपनीचे सगळ्यात मोठे अधिकारी दुकान बघायला येणार होते, आणि आठ जणांच्या सोळा मोहऱ्या या एका बाईच्या हातात होत्या. रोज ती एक, फार तर दोन पँटी पक्क्या करी. घाई करा म्हटलं की म्हणे, "बासरी लावा, मग लवकर होतं." साहेबांची पँट तिने शेवटाला ठेवली होती.

शुक्रवारी अधिकारी आले ते तासभर आधी. तेव्हा साहेब दाराजवळच्या टेबलापाशी उभे होते, डावा पाय स्टुलावर, आणि ती जमिनीवर बसून त्यांच्या मोहरीला टाका घालत होती. उजवी झाली होती, डावी अर्धी. पाय काढून घेता येईना, सुई आत होती.

"हे काय चाललंय?" अधिकाऱ्यांनी विचारलं.

साहेबांनी टाय सरळ केला. तेव्हा काउंटरवरच्या मुलीने सगळं सांगून टाकलं, एका दमात, जोडी योजनेपासून बासरीपर्यंत. अधिकारी ऐकत ऐकत पातेल्यावर वाकले. खडखड थांबलेली होती.

"पाच दिवस? रोज पूर्ण दिवस? एकदाही कॉल तुटला नाही?"

"नाही सर," साहेब एका पायावरून म्हणाले.

अधिकाऱ्यांचा चेहरा उजळला. "अहो, मग ही तर आपली जाहिरात आहे! आजी, आपण असं करू. तुम्हा दोघींचा फोटो काढू, पातेल्यासकट. मोठ्या फलकावर लावू. आणि तुमची जोडी योजना खास बाब म्हणून परत चालू. एक वर्ष. पूर्ण मोफत!"

साहेबांनी सुटकेचा श्वास टाकला. आठही पँटी तिच्याकडे बघत होत्या. हेच तर ती मागत होती. एका महिन्यात तिने कुणाला दुसरं काही सांगितलं नव्हतं. तिने सुई मोहरीत टोचून ठेवली, तोंड उघडलं, आणि पातेलं तिच्या आधी बोललं.

"एक वर्ष? आणि वर्षाने परत पत्र? कळवण्यास आनंद होतो म्हणून? नको गं धाकटे. मला कुणाच्या कृपेवर मशीन चालवायची नाही."

"ताई, अगं थांब जरा."

"तू थांब. टेम्पो आलाय. दारात उभा आहे. मुलाने पाठवलाय, मशीन विकायला न्यायची म्हणून. मी त्या ड्रायव्हरला विचारलं, बाबा, तुला तिकडेच जायला हवं का? तो म्हणाला, आजी, मला काय, जिथे म्हणाल तिथे सोडतो. मशीन चढली सुद्धा. मी पुढे बसते. तीन तासांत तुझ्याकडे. कटिंगचं टेबल उचलून बाहेर काढ, माझी मशीन खिडकीजवळ लागेल. आणि कात्री माझी मी आणतेय, तिला हात लावायचा नाही. ऐकतेयस ना? धाकटे?"

पलीकडे रिसीव्हर ठेवल्याचा आवाज आला. पातेल्यात तो जरा वेळ घुमला.

उसवबाई जमिनीवर तशीच बसून राहिली. अधिकारी म्हणाले, "बरं, दीड वर्ष." मग म्हणाले, "दोन!"   तिने पातेलं पिशवीत टाकलं. टेप, खडू, भिंग टाकलं. एक हात टेबलावर देऊन ती उठली आणि पदराने डोळे नाही, नाक पुसलं.

"मावशी, अहो, माझा डावा पाय!" साहेब स्टुलावरून ओरडले. अर्ध्या मोहरीत सुई लटकत होती, दोऱ्यासकट.

तिने त्यांच्याकडे बघितलंही नाही. तीन तासांत टेबल बाहेर काढायचं होतं, आणि खिडकीजवळची जागा रिकामी करायची होती. दार ढकलून ती निघून गेली.