पाइपातला आखूड डबा

२०२२ साली मी एकाहत्तर वर्षांचा होतो. आर्णीत घराला लागूनच माझी लहानशी डाळमिल आहे. तुरीचा भुसा उडवणाऱ्या ब्लोअरचा पाइप स्वयंपाकघराच्या भिंतीवरून जातो, अन् तो दिवसभर घुमायचा. त्या वर्षी बायकोच्या गळ्याचं ऑपरेशन झालं. आवाज कुजबुजीएवढाच राहिला, म्हणून तिनं मला हाक मारणंच सोडलं.

मी पत्र्याचं काम करणारा मिस्त्री बोलावला; तो बोलण्यात कंजूस. आधी त्यानं पाइपाला पेचकस, म्हणजे स्क्रूड्रायव्हर, टेकवला, त्याची मूठ कानाला लावली अन् डोळे मिटून ऐकत राहिला. मग म्हणाला, "काकाजी, पाइप मधात कापून आखूड, रुंद डबा बसवतो. आवाज त्यातच फिरून मरते."

"चौथी शिकलो मी, पण येवढं समजते मले. रुंद केलं तं आवाज वाढन!"

"वाढला तं डबा मी घरी नेतो."

तीनदा डबा उतरवून त्यानं चार-चार बोटं लांबी बदलली. शेवटी ब्लोअर चालू केला, पण माझ्याकडे आलाच नाही. स्वयंपाकघराच्या दारात जाऊन बायकोला म्हणाला, "काकू, आता काकाजीले हाक मारा. जोर नका लावू."

"अहो, हट्टी माणूस," ती म्हणाली, "चहा घ्या."

मला मिलमध्ये ऐकू आलं. हाक पुन्हा ऐकावी म्हणून मी मुद्दामच ओ दिली नाही. तिनं पुन्हा हाक मारली. मिस्त्री पाठ फिरवून पेचकस पुसत राहिला.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी त्याच्या दुकानात गेलो अन् गिऱ्हाइकांसमोर म्हणालो, "मिस्त्री, तुमचं खरं होतं. मले समजलं नव्हतं."