न ओढता पडलेला सिग्नल

"तुम्हीच आम्हाला शिकवलंत, पट्टी खाली पडली म्हणजे गाडी येणार. आज सकाळी पट्टी खाली होती. मी शाळेची पोरं फाटकापाशी धरून ठेवली. गाडी काही आली नाही. उद्या पट्टी वर असेल आणि गाडी येईल. मग?"

सरपंच सुनंदाताई हे बोलल्या तेव्हा मी सिग्नलच्या केबिनच्या पायरीवर उभी होते. उभी हयात स्टेशन मास्तर म्हणून काढलेल्या बाईला तिचा सिग्नल खोटं बोलतो असं तोंडावर ऐकावं लागणं काय असतं, ते ज्याचं त्यालाच कळतं. अंगाचा नुसता तिळपापड झाला. आणि बाई बोलत होत्या त्यात एक शब्द चुकीचा नव्हता.

राग गिळून मी विचारलं, "मग आता काय करायचं म्हणता?"

"रविवारी ग्रामसभेची माणसं घेऊन येते. सिग्नल खरा दिसला तर गाडी आमचा रस्ता ओलांडेल. नाहीतर फाटकाच्या अलीकडेच थांबवा," त्या म्हणाल्या आणि निघून गेल्या.

हा सगळा खटाटोप कसला, ते सांगते. तलासरीच्या अलीकडे केकीशेठची वाडी आहे. त्यांच्या वडिलांच्या काळात डोंगराकडचं गवत गाठी बांधून गोदामापर्यंत आणायला तिथे एक चिमुकली रेल्वेलाईन होती. गवताचा धंदा बसला तसे रूळ झुडपात गेले. केकीशेठनी ते पुन्हा बाहेर काढले, साखर कारखान्यातून मोडीत निघालेलं छोटं इंजिन आणलं आणि भंगाराच्या लिलावातून जुने सिग्नल. मग ते जिवंत करायला रिटायर झालेल्या रेल्वेवाल्यांना हाक मारली. पगार नाही. चहा, दुपारचं जेवण आणि हंगामात चिकू.

आलो आम्ही तिघं. मसोलीहून मी आणि राऊत, अच्छाडहून जयंतीभाई. हे दोघं सिग्नल मेंटेनर, म्हणजे सिग्नल दुरुस्त ठेवणारे. मी तो वापरणारी. रेल्वेत या दोन जातींचं विळ्याभोपळ्याचं सख्य असतं. मास्तर म्हणणार सिग्नल बिघडला, मेंटेनर म्हणणार मास्तरला ओढता येत नाही.

२०१७ चा पावसाळा संपल्यापासून आम्ही त्या लोखंडाला चिकटलो होतो. लिव्हर इतक्या गंजलेल्या की आठवडाभर रॉकेलमध्ये भिजवल्या तेव्हा कुठे हलल्या. राऊतांनी एकेक कुलूप कानशीने घासून बसवलं. जयंतीभाईंनी पुलीला असं ग्रीस भरलं की बोट लावलं तरी फिरावी. मी लिव्हरच्या मुठी पॉलिश पेपरने चकचकीत केल्या आणि सगळ्यांना बजावलं, उघड्या हाताने मूठ धरायची नाही, फडकं घेऊन धरायची. घामाने गंज चढतो. केकीशेठ हसले. मी फडकं त्यांच्या हातात दिलं.

आमचा सिग्नल जुन्या पद्धतीचा. उंच खांबावर लाल पट्टी. आडवी असली की थांबा, खाली झुकली की या. केबिनमधली लिव्हर ओढली की लांबलचक तार ताणली जाते आणि पट्टी पडते. लिव्हर सोडली की खांबावरचं वजन पट्टीला पुन्हा आडवी करतं. फाटकाला कुलूप लागल्याशिवाय लिव्हर हलतच नाही. म्हणजे रस्ता उघडा असताना सिग्नल पडणं अशक्य. निदान कागदावर तरी अशक्य.

आणि आमचा सिग्नल लिव्हर जागेवर असताना, कुणी न ओढता, सकाळी सकाळी अर्धा पडलेला दिसत होता. गोदामापासून फाटकापर्यंत चिकूच्या मोजून चार रांगा. त्यापुढे रस्ता, आणि रस्त्यापलीकडे तळ्यापर्यंतची खरी लाईन. फाटकाच्या अलीकडे गाडी थांबवायची तर ती गाडी नव्हेच, पाळणा.

मी दोघांनाही विचारलं. वेगवेगळं विचारावं लागायचं, कारण ते भेटायचेच नाहीत. राऊत पहिल्या शेअर रिक्षाने यायचे आणि जेवायला घरी जायचे. जयंतीभाईंचं अच्छाडला हायवेवर स्पेअर पार्टचं दुकान. मुलगा गल्ल्यावर बसला की ते स्कूटर काढणार, म्हणजे उन्हं डोक्यावर आल्यावर.

राऊतांनी सगळी लाईन चालत तपासली. "पुली जड आहेत मॅडम. जयंतीभाईंनी जुनं ग्रीस धुतलं नाही वाटतं." जयंतीभाईंनीही तपासली. "बेन, पुली तर लोण्यासारखी फिरते. खांबावरचं वजन हलकं पडतं. राऊतला विचारा, त्याने बसवलं." मी पुली फिरवून पाहिल्या, उत्तम. केकीशेठच्या काट्यावर वजन करून पाहिलं, बरोबर. तारेवर गाठ नाही, फांदी नाही. तरी सकाळी पट्टी लोंबकळलेली, आणि गंमत म्हणजे कधी कधी भर दुपारी लिव्हर पूर्ण ओढली तरी धड खाली पडत नाही. एकच सिग्नल सकाळी न ओढता पडतो आणि दुपारी ओढून पडत नाही. मला तर वेड लागायची पाळी आली.

केकीशेठ म्हणाले, "सोडा ना बाई. वरती लाल-हिरवा दिवा लावू, फाटकावर झेंडीवाला उभा करू. पट्टी शोभेला राहील."

शोभेचा सिग्नल! माझं डोकंच फिरलं. मी त्यांना सांगितलं की सिग्नल एक तर खरा असतो नाहीतर खाली उतरवून ठेवायचा असतो, मधलं काही नसतं. तरी त्यांनी दिव्यासाठी माणूस बोलावून ठेवलाच.

त्या संध्याकाळी मी केबिनमागे तारेपाशी बसले. तारेच्या मध्ये एक लोखंडी पेच असतो. एका बाजूला फिरवला की तार आखडते, उलट फिरवला की सैल होते. हा पेच एकदा बसवला की बसवला, रोज त्याला हात लावायचं कारण नाही. पण त्याच्या आट्यांवरचं ग्रीस ताजं पुसलेलं दिसलं. माझ्या मनात पाल चुकचुकली. पर्समध्ये लेकीची नेलपॉलिश होती, गडद लाल. पेचावर आणि त्याच्या शेजारच्या नटावर मिळून एक सरळ रेघ ओढली आणि घरी गेले.

दुसऱ्या दिवशी राऊत जेवायला गेल्यावर पाहिलं. रेघ तुटली होती, पेच सैल केलेला. मी नवी रेघ ओढली. जयंतीभाई संध्याकाळी निघाल्यावर पुन्हा पाहिलं. रेघ पुन्हा तुटलेली, पेच चांगला पिळून घट्ट केलेला.

मी तिथेच हसत सुटले. उन्हात तार लांबते, थंडीत आखडते. हे पोरंसोरंही जाणतात. तलासरीकडे डिसेंबरात पहाटे दात वाजतात आणि दुपारी डोकं तापतं. जयंतीभाई यायचे दुपारी, तार ढिली दिसायची, ते घट्ट करायचे. रात्रीच्या थंडीत ती आणखी आखडायची आणि सकाळी आपणहून पट्टी ओढून खाली आणायची. राऊत सकाळी यायचे, पट्टी लोंबलेली बघून सैल करायचे. मग दुपारी ती इतकी ढिली व्हायची की लिव्हर ओढूनही पट्टी अर्धीच पडायची. की लगेच जयंतीभाई हजर.

शनिवारी सकाळीच मी दोघांना एकाच वेळी चहाला बोलावलं आणि सरळ विचारलं, पेचाला कुणी हात लावला?

"मी नाही," राऊत.

"मी तर बघितलापण नाही, बेन," जयंतीभाई.

राग आला, पण नवल वाटलं नाही. रेल्वेत ही सवय आमच्या हाडीमासी भिनलेली आहे. काही बिघडलं की चौकशी बसते आणि चौकशीत पहिला प्रश्न, हात कुणी लावला. ज्याने कबूल केलं त्याच्या गळ्यात सगळं घोंगडं. म्हणून चांगला मेंटेनर काम चोख करतो आणि मी काही केलं नाही म्हणतो. नोकरीभर याच सवयीने त्यांना वाचवलं होतं, आणि तीच आता आमच्या गाडीच्या मुळावर उठली होती.

मी नेलपॉलिशची बाटली टेबलावर ठेवली आणि रेघांची हकीकत सांगितली. मग म्हणाले, "इथे चौकशी नाही, चार्जशीट नाही, कापायला पगारसुद्धा नाही. इथे फक्त फाटकावर उभी राहणारी पोरं आहेत."

राऊतांनी कप बशीत ठेवला. मग राऊत म्हणाले, "सकाळी मी सैल करायचो." जयंतीभाईंनी चहा संपवला. "अने दुपारी मी टाइट. मला वाटलं तार खराब आहे." दोघांनी एकमेकांकडे पाहिलं आणि राऊतांना असं हसू फुटलं की चहा नाकात गेला.

आता इलाज. तार तर रोज लांबणार आणि आखडणार, ऊन-थंडी कुणी थांबवू शकत नाही. जुन्या केबिनमध्ये याची सोय असायची. लिव्हरच्या मागे एक दातेरी चाक. केबिनमध्ये जो ड्युटीवर असेल, त्याने सकाळ-दुपार पट्टी बघायची आणि चाकाचे दोन-तीन दाते पुढे-मागे करून ताण सांभाळायचा. बाहेरच्या पेचाला कुणी शिवायचं नाही. आमच्या भंगारात ते चाक आलं होतं. गेलं कुठे?

केकीशेठनी ते काळ्या रंगाने रंगवून, दात सोनेरी करून, तिकीटघरात काचेच्या कपाटात ठेवलं होतं. शेजारी दिवा. "बाई, लोक त्याचे फोटो काढते!" ते कळवळून म्हणाले. मी हात पुढे केला. किल्ली मिळाली.

शनिवारचा उरलेला दिवस त्यात गेला. राऊतांनी दातांवरचा सोनेरी रंग खरवडला, जयंतीभाईंनी चाक बसवलं आणि मी केबिनमधून पट्टीकडे बघत ओरडत राहिले, अजून, अजून, बस. बाहेरचा पेच मधोमध आणून त्यावर डबा चढवला. डब्याला दोन कुलपं लावली, एकाची किल्ली मेंटेनरकडे, दुसऱ्याची माझ्याकडे. दोघं समोर असल्याशिवाय डबा उघडायचा नाही. रेल्वेत महत्त्वाच्या खोल्यांना अशीच दोन कुलपं असतात. आम्हाला हे आधी सुचू नये म्हणजे कमाल.

रविवारी सुनंदाताई सांगितलेल्या वेळेच्या कितीतरी आधी, अंग गोठवणाऱ्या थंडीत आल्या. मुद्दामच. बरोबर गावातली माणसं, शाली गुंडाळलेली. मी तेव्हा नुकती केबिन उघडत होते. आधी वर पाहिलं. पट्टी आडवी! शाळेतल्या फूटपट्टीसारखी सरळ.

ताई केबिनमध्ये आल्या. बाहेर फाटक उघडं होतं, गुरं जात होती. त्यांनी लिव्हरकडे बोट केलं. "आता ओढा."

"तुम्हीच ओढा," मी म्हटलं आणि फडकं दिलं.

त्यांनी ओढली. हलली नाही. पाय रोवून ओढली. त्यांच्यामागचा एक दांडगा गडी पुढे आला, त्याचंही काही चालेना. मग मी फाटक लावायला सांगितलं, कुलपाचा खटका पडल्याचा आवाज झाला आणि ताईंनी पुन्हा हात घातला. लिव्हर खडखडत आली, पट्टी झपकन पडली. खाली कुणीतरी शिट्टी मारली.

त्या मात्र हसल्या नाहीत. "दुपारचं बघते," म्हणाल्या आणि चिकूच्या सावलीत बसून राहिल्या. दुपारी ऊन चटके देऊ लागलं तेव्हा पुन्हा वर आल्या. मी चाकाचे तीन दाते पुढे घेतले, फाटक लागलं, लिव्हर ओढली. पट्टी पूर्ण पडली, सकाळी पडली तेवढीच.

सुनंदाताईंनी गावच्या माणसांकडे पाहिलं. एकाने मान हलवली, मग सगळ्यांनी. "चालवा," त्या म्हणाल्या. "पण पहिल्या गाडीत आमची पोरं."

शाळेची पोरं डब्यांतून उतू जात असताना आमची गाडी भोंगा वाजवत रस्ता ओलांडून तळ्याकडे गेली. राऊत आणि जयंतीभाई केबिनच्या खाली खांद्याला खांदा लावून उभे, दोघांच्याही डोळ्यांत पाणी. मी वर रडत होते, पण लिव्हरवरचा हात काढला नाही. केकीशेठनी दिव्याच्या माणसाला चहा पाजून परत पाठवलं.

या सगळ्यातून मी काय शिकले? तार, पुली, वजन हे सगळं तपासा. पण त्याआधी, हात कुणी लावला हे सांगायला माणसाला भीती वाटणार नाही अशी सोय करा. बाकी बिघाड मग आपोआप सापडतो.

पुढच्या सोमवारी मी केबिन उघडत होते. राऊत पायऱ्या चढून आले, कानकोंडे होऊन दारात उभे राहिले आणि त्यांनी घसा खाकरला.

"मॅडम, तिसऱ्या पुलीला आज हात लावलाय. मी लावलाय."

मी खुर्ची पुढे सरकवली आणि दोन चहा सांगितले.