डब्यातल्या बायकांची नावं

धायरीत चायनीजच्या गाडीवर व्हिनेगरची बाटली उघडली, की मला आजही लाज वाटते. जुनी फिल्म सडायला लागली की अगदी हाच वास येतो.

दहा वर्षांपूर्वी आमच्या कॉलेजात एक सर व्याख्यानाला आले होते. सिनेमाचे इतिहासकार, टीव्हीवर जुन्या चित्रपटांची ओळख करून देणारे. दारात मी आमच्या विद्यार्थी संघटनेची पत्रकं वाटत होते: 'हिरो-हिरोइनींचे भाट! मागे नाचणाऱ्या बायकांची नावं कोण सांगणार?' मजकूर माझाच होता आणि मला त्याचा केवढा माज होता!

घोषणा इतक्या वाढल्या, की प्राचार्यांनी कार्यक्रमच रद्द केला. सर पायरीवर बसले आणि चष्मा लावून त्यांनी पत्रक शेवटपर्यंत वाचलं.

"टीव्हीवरचा माझा कोणता भाग पाहिलात आपण?"

"न बघताही कळतं, सर," मी म्हणाले. पोरं हसली.

त्यांनी पिशवीतून पत्र्याचा डबा काढून उघडला. आंबट भपकारा आला. "त्या नाचणाऱ्या बायकाच आहेत यात. मी घरोघर फिरून त्यांची नावं मिळवलीत. आज तीच सांगणार होतो."

आता मी त्यांचे जुने भाग मोबाइलवर पाहते. प्रत्येकाच्या शेवटी ते नावं सांगतात, लाइटवाल्यांची, मेकअपवाल्यांची. त्या डब्यातल्या बायकांची मात्र कुठेच नाहीत.

त्या दिवशी पायरीवरून उठताना त्यांनी पत्रक उलटसुलट करून पाहिलं. "लिहिणाऱ्याचं नाव नाही यावर. कुणी लिहिलंय?"

मागे प्राचार्य उभे होते.

"संघटनेनं," मी म्हणाले.