घोटेवाली

आमची बायको खुंटाशेजारी पाय ठेवून रान तपासायची. तोडलेल्या झाडाचा खुंट तिच्या घोट्याहून वर राहिला की माझी खैर नसे. "राघ्याच्या बा, परत वाका." मी चार शिव्या हासडायचो आणि वाकायचो.

आम्ही पोशेऱ्याकडचे. पाड्यावरचं रान तेव्हा कोळशासाठी मुंबईच्या एका कंपनीनं ठेक्यानं घेतलं होतं. मुकादम सांगायचा, गुडघ्याएवढे खुंट ठेवा, वाकण्यात वेळ जातो. आम्हा गड्यांना ते पटलं. वाकायची हौस कुणाला?

हिचं म्हणणं वेगळं. जमिनीलगत तिरका घाव घाला, म्हणजे पाणी निथळतं आणि मुळातून नवे फुटवे येतात. उंच खुंट कुजतो.

मुकादम चिडला. "ए घोटेवाली, रान आंदण मिळालंय काय तुला? ठेका होळीपर्यंत. पुढं इथं काय उगवतं त्याच्याशी कंपनीला काय करायचंय?"

"तुम्ही होळीला जाल, दादा. मी नंतर चुलीत काय घालू? तुमची टोपी?"

सगळे गडी हसले. मुकादमानं टोपी काढून काखेत धरली आणि म्हणाला, "उद्यापासून दोघं कामावर येऊ नका."

मी कुऱ्हाड खांद्याला लावली. ही मात्र त्याला हाताला धरून खुंटापाशी घेऊन गेली. "सगळ्यात जाड लाकूड बुडाला. तेच मागं टाकून जाताय. आणि म्हणे गाड्या भरत नाहीत."

त्यानं खुंटाला वीत लावून पाहिली. मग म्हणाला, "ओढ्याअलीकडचा उतार तुमचा. वाका किती वाकायचं ते." पलीकडं गुडघ्यावरच तोड चालली.

होळी झाली, कंपनी गेली. पावसात आमच्या उतारावर खुंटाखुंटाला फुटवे आले. पलीकडं खुंटांवर अळंबी उगवली. ही म्हणाली, "बघा, जाताना कंपनी भाजी लावून गेली." हा विनोद तिनं पुढं वीस वर्षं पुरवला.

दर साली ती फुटवे विरळ करायची. खुंटाला दोन राखायचे, बाकीचे सरपणाला. त्या दोनांचे वासे झाले. दोन्ही पोरांची घरं त्यावर उभी आहेत.

यंदा ती गेली. मी कसा आहे ते विचारू नका.

परवा ओढ्यापलीकडची माणसं नेहमीसारखी सरपण मागायला आली. म्हटलं, चला, फुटवे काढून न्या. कोयता उचलला आणि थबकलो. राखायचे दोन कोणते? निवड तिची असायची, मी नुसता घाव घालायचो. तसं सांगितलं तर सगळे खाली बसले. कुणी म्हणालं, सरळ असेल तो राखायची. कुणी म्हणालं, छे, बुडाला घट्ट धरलेला. तिची बोलणी आठवत, भांडत, हसत पहिल्या खुंटाचे दोन ठरेपर्यंत दुपार झाली.

उतारावर खुंट पुष्कळ आहेत. उद्या परत या म्हटलंय.