उदाहरण आमच्याच चाळीचं राहील

सगळ्यात आधी वर आला तो रमाकांत. चपला बाहेर काढल्या, "काकी, बरी आहेस ना?" म्हणत पाया पडला... तेव्हाच मी ओळखलं, काहीतरी काम आहे. आमच्याच लालबागच्या चाळीत वाढलेला पोरगा, आता आमच्या भागातल्या पुढाऱ्याच्या ऑफिसात बसतो. वर्गणीशिवाय इकडे फिरकत नाही.

मागनं खुद्द ते पुढारी साहेब. पांढरे कपडे, हातात दोन फोन, जिना चढून दम लागलेला. मी आधी पाणी दिलं, मग चहा, मग आणखी चहा. भांडायला आला तरी कोरड्या तोंडानं पाठवायचं नाही, ही आमची रीत.

भांडण कशाचं, ते सांगते...

माझी नात सायली आणि तिच्या मैत्रिणींनी एक सॉफ्टवेअर बनवलंय. सरकारचा पैसा कुठल्या कामावर खर्च झाला, ते कोणालाही फोनवर शोधता येतं. माहिती सरकारनंच जाहीर केलेली, पण इतकी विखुरलेली की माणूस हात टेकतो. पोरींनी ती एका जागी आणली. आता हे वापरायचं कसं, ते लिहून काढायचं काम सायलीकडे आलं. ती त्याला डॉक्युमेंटेशन म्हणते.

मला म्हणाली, "आजी, मी लिहिते तसंच तू करत जा. अडशील तिथे मी पुन्हा लिहीन." माझी शाळा चौथीपर्यंत, तीही अर्धीमुर्धी... अडण्यात आपला पहिला नंबर! चपात्या उरकल्या की आम्ही दोघी बसायचो. मी अडले की ती खोडायची, आणखी साधं लिहायची. काय मजा आली म्हणून सांगू!

उदाहरणापाशी मात्र आमचं जुंपलं. तिनं लिहिलं होतं, अमुक गल्ली, अमुक काम. मी म्हटलं, अगो, माशाचं तिखलं शिकवताना कोणी कागदाचा बांगडा घेतं का? आपली चाळ टाक.

टाकली... आणि आमच्या मजल्यावरच्या संडासाचं काम निघालं. नवी दारं, नव्या कड्या, काम पूर्ण! मी हसतच सुटले. दार एका बिजागरीवर लोंबतंय, कडी कोणी डोळ्यांनी पाहिलेली नाही.

तेच उदाहरण पानावर ठेवलं, खाली लिहिणारीचं नाव सायली. हे टाइप करा, इथे दाबा, हे असं दिसेल... बस. कोणाला चोर म्हटलं नाही, एक वाकडा शब्द नाही. पण ते पान फिरत फिरत साहेबांच्या फोनवर पोचलं.

तर साहेबांचं म्हणणं, "आजी, दुसऱ्या कुठल्या भागाचं घाला ना. उदाहरणच तर आहे." मग रमाकांत हळूच म्हणाला, "काकी, सायलीची नोकरी नवीन आहे. उगाच कशाला तिचं नाव..." पोरीचा चेहराच उतरला. बदलते म्हणाली, लॅपटॉप ओढला.

तिथे माझं डोकं फिरलं. "हात लावू नको त्याला," मी म्हटलं. "आणि रमाकांता, पोरीला भीती घालतोस? त्याच संडासाच्या रांगेत रडत उभा असायचास, तेव्हा तुला कोण पुढे सोडायचं रे?" तो फरशी बघायला लागला. सायलीच्या नावाची अडचण असेल तर माझं टाका म्हटलं. माझी कुठली नोकरी काढून घेणार... चपात्यांची?

एवढ्यात साहेबांची चुळबुळ सुरू झाली. पाणी, त्यावर दोन चहा... रमाकांतच्या कानाशी लागले. मी म्हटलं, जा की, लाजता काय? कागदावर अगदी नवा आहे!

कडी नाही म्हणून आमच्या मजल्यावर आतल्या माणसानं गाणं म्हणत राहायचं, म्हणजे बाहेरच्याला कळतं. साहेबांना तसं सांगितलं. त्यांनी संकोचानं नुसतं खोकून भागवलं. खोकला थांबला, आणि शेजारच्या शेवंतानं दार ओढलंच! जास्त कोण ओरडलं ते अजून ठरलेलं नाही. मग आतून खड्या आवाजात बेचा पाढा सुरू झाला... अख्खी गॅलरी ऐकत होती.

साहेब परत येऊन बसले. मी काही बोलायच्या आत सायलीच बोलली. "उदाहरण राहणार साहेब. दारं खरंच लागली, तर त्याच पानावर फोटोसकट लिहीन." आवाज जरासुद्धा कापला नाही हो तिचा. माझ्या अंगावर मूठभर मांस चढलं.

मंडळी, तुम्हीही आपापली गल्ली टाकून बघा. सरकारनंच लिहिलेलं वाचायला कोणाची परवानगी कशाला हवी? मी वाचलं, तुम्ही तर शिकलेले आहात.

साहेबांनी जाताना जिन्यातून सांगितलं, सुताराला घेऊन येतो. रविवारी सकाळी.