ट्रॅक्टरच्या पिपातलं तेल

आमच्या सासरी कुणाकडं नवी गाडी आली की अजून माझा विषय निघतो. "बायकांच्या हाती देऊ नका बरं का, आमच्याकडं एक बसवून झाली हाय!" मग सगळे हसतात. मी आपली चहाचे कप गोळा करत ऐकून घेते. सगळ्यांत मोठ्यानं हसतात ते माझे थोरले दीर, ज्यांनी स्वतःच्या हातानं त्या गाडीचा जीव घेतला. चोर तो चोर, वर शिरजोर, दुसरं काय म्हणायचं!

गाडी माझ्या वडिलांची, अण्णांची होती. मुरुडला त्यांचं कापडाचं दुकान. काचबिंदूनं नजर जायला लागली तेव्हा त्यांनी दुकान आवरलं आणि किल्ली माझ्या हातात दिली. जावयाच्या नाही, माझ्या. चालवायलाही त्यांनीच शिकवलं, तेही मी चाळिशीला टेकल्यावर. बाजारच्या मैदानात शेजारी बसून ओरडायचे, "क्लच हळू सोड माय, म्हशीचं दावं सोडायलीस का?" मी रडकुंडीला यायचे, पण शिकले.

मग महिन्यातून एखाद-दोन रविवारी मी नांदेडहून एकटी मुरुडला जायचे. अण्णा ओट्यावर तयार होऊन बसलेले असायचे. पांढरा सदरा, टोपी, हातात काठी. चहासुद्धा घेऊ द्यायचे नाहीत. "आधी बाजारातून एक चक्कर मार." घ्यायचं काही नसायचं. काच खाली करून बसायचे, आणि ओळखीचा आवाज आला की मला गाडी थांबवायला लावायचे. "पोरगी हाय. नांदेडहून एकटी घेऊन आली." बस, एवढंच सांगायचं असायचं त्यांना. खरं सांगते, मी त्या एका वाक्यासाठी एवढी लांब गाडी हाकत जायचे. आयुष्यात माझं कौतुक करणारं दुसरं कोण होतं?

अण्णांचा तेलाबाबत मात्र कडक नियम. गाडी पेट्रोलची, इंजिन लहान, तिच्या इंजिनाला पातळ तेल लागायचं. "जाड तेल पाजलं की ते वरपर्यंत चढत न्हाई, आतल्या आत झिजतं सगळं," हे त्यांनी मला इतक्यांदा ऐकवलं होतं की झोपेतही सांगितलं असतं. तेलाचा एक सीलबंद डबा डिकीत कायम ठेवायचे. गाडी मला दिली तेव्हा डब्यासकट दिली.

सासर अर्धापूरकडं, केळीच्या बागा. नोकरीपायी आम्ही दोघं नांदेडला राहतो, पण खंडेनवमीला गावी जावंच लागतं. त्या दिवशी घरातल्या साऱ्या अवजारांची, गाड्यांची पूजा. अंगणात ट्रॅक्टर, मोटारसायकली, जुनी जीप अशी रांग लागते, त्यात माझी छोटी गाडी. गाड्या धुऊन झाल्या, झेंडूचे हार झाले, आणि थोरल्या दिरांना हुक्की आली. ट्रॅक्टरच्या जाड तेलाचं अख्खं पीप त्यांनी बाहेर काढलं. "आज सणाचा दिवस. कुणी उपाशी राहायचं न्हाई." एकेका गाडीचं जुनं तेल खाली सोडत, त्या एकाच पिपातलं नवं भरत निघाले. लग्नाच्या पंगतीत वरण वाढावं तसं.

आता आमच्या घरात थोरल्या दिराशी भावजयीनं तोंडाला तोंड देऊन बोलायची पद्धत नाही. मी पगार आणते, कॉलेजात शिकवते, ते सगळं नांदेडला. गावात पाऊल ठेवलं की डोक्यावर पदर आणि निरोप दुसऱ्याच्या तोंडून. मी पुऱ्या लाटत होते. अंगणात बघितलं तर ते जुनं तेल धरायला माझ्या गाडीखाली पाटी सरकवत होते. जाऊबाईंना म्हटलं, "अहो, त्यांना सांगा ना, हिचं तेल वेगळं असतं, डिकीत डबा आहे." जाऊबाई कढईतली नजर न काढता म्हणाल्या, "मी बाई न्हाई सांगत. तूच सांग तुझ्या नवऱ्याला."

नवरा ओसरीवर मोबाईल घेऊन बसलेला. दाराआडून त्याला बोलावलं, सांगितलं. तर म्हणतो, "दादांना कळत न्हाई का? वीस वर्षं ट्रॅक्टर वापरायलेत. तेल ते तेल." मी म्हटलं, "मग मी जाऊन सांगते." त्यानं माझा हात धरला. "सणासुदीला तमाशा करू नको." पाच पावलांवर माणूस माझी गाडी मारत होता, आणि मी पिठाचे हात घेऊन दाराआड उभी. तोंड दाबून बुक्क्यांचा मार म्हणतात तो हाच.

नांदेडला परतताना म्हटलं, उद्या तेल बदलून आणते. नवरा खेकसलाच. "दादांनी पूजेच्या दिवशी हातानं भरलंय. ते काढून टाकलं असं त्यांच्या कानावर गेलं तर?" जाईल कसं, म्हटलं. तर म्हणे, गावात काही लपत नाही. आणि दादांचा फोन आला की पहिला प्रश्न, "काय, गाडी कशी पळतीय?" नवरा म्हणायचा, "लई भारी, दादा." असं चाललं.

थंडी पडली तशी गाडी कुरकुरायला लागली. सकाळी लवकर चालू व्हायची नाही. झाली तरी आतून टकटक आवाज. चढाला जीव काढायची. मी नवऱ्याच्या मागं लागले, तो म्हणे थंडीनं होतं. एका रविवारी मुरुडला निघाले. अहमदपूर मागं पडलं, आणि समोर तेलाचा तांबडा दिवा लागला. मी तिथल्या तिथं गाडी कडेला घेऊन बंद केली. जरा वेळानं चावी फिरवली, तर इंजिन हलेना. रस्त्याच्या कडेला उभी राहून मी ढसाढसा रडले. येणारेजाणारे बघत होते, बघू देत.

गाडी ओढत नांदेडला आणली. मेकॅनिकनं तेल बोटांत चोळून बघितलं आणि विचारलं, "मॅडम, ये तो ट्रॅक्टर का है. किसने डाला?" मी तोंड उघडायच्या आत शेजारून नवरा म्हणाला, "जुनीच होती हो गाडी. आणि ही जरा दामटते." मेकॅनिकनं एकदा माझ्याकडं बघितलं आणि हात पुसत पलीकडं गेला. गाडी शेवटी भंगारात गेली. डिकीतला डबा तेवढा मी काढून घेतला. त्याचं सीलही तुटलेलं नव्हतं.

हे इथं संपलं असतं तर मी गिळलं असतं. पण थोरल्या दिरांना राहवेना. त्यांनी थेट मुरुडला फोन लावला. "मामा, गाडी बसवली तुमच्या लेकीनं. दिवा लागला तरी रेटतच राहिली." उचलली जीभ, लावली टाळ्याला! मला हे अण्णांच्याच फोनवरून कळलं. ते रागावले नाहीत. "बसनं ये," एवढंच म्हणाले.

एसटीत बसून मी रस्ताभर वाक्यं जुळवत होते. गाडी गेली ते गेली, पण त्यांच्या मनात मी निष्काळजी ठरायला नको. बाकी जगानं काहीही म्हणावं.

अण्णा ओट्यावरच होते. टोपी नव्हती, काठी भिंतीला टेकवलेली. मी जवळ बसले तसा त्यांनी माझा हात चाचपून धरला. "जाऊ दे माय. चूक होती माणसाकडनं. त्या दिव्याचं नीट सांगायचं माझंच राहून गेलं असंल."

माझा बांधच फुटला. सगळं सांगून टाकलं. पीप, पंगत, पदर, सगळं.

ते ऐकत राहिले. मग विचारलं, "तू तिथंच हुतीस?"

"हो."

"डबा डिकीत हुता?"

"होता, अण्णा. सांगितलं मी. कुणी ऐकलं नाही."

"अन् नांदेडला गेल्यावर? बदलून घ्यायचं की."

"ह्यांनी नको म्हटलं."

अण्णांनी माझा हात सोडला. रस्त्यावरून कुणीतरी ओळखीचं त्यांना हाक मारत गेलं, त्यांनी ओ दिली नाही. मला वाटलं, आता दिरांना फोन लावतील, चार शब्द सुनावतील. मी तर त्याचीच वाट बघत होते.

"माझ्या पोरीला तिच्या गाडीतलं तेल बदलायला बी इचारावं लागतंय," ते स्वतःशीच बोलल्यासारखं म्हणाले. मग भिंतीला टेकवलेली काठी चाचपून हातात घेतली.

"तुझा दीर म्हनला तेच खरं असतं तर बरं झालं असतं गं," ते म्हणाले. "तुझ्या हातानं बसली असती तर बरं झालं असतं."